कार डिटेलिंग (रंगाची निगा)

कार डिटेलिंग : गाडीच्या रंगावरचे बारीक चरे, पाण्याचे डाग, चिकटून बसलेली घाण काढून चमक परत आणणं आणि ती टिकावी म्हणून वरून मेण, सीलंट, सिरॅमिक कोटिंग किंवा फिल्म चढवणं. आतल्या सीट-डॅशबोर्डची सफाई पण ह्यातच धरतात, इथे मात्र फक्त बाहेरच्या रंगाचं बघू. वॉशिंग सेंटरला फोम मारून आणली म्हणजे डिटेलिंग झालं असं नाही, आणि हे डेंटिंग-पेंटिंगही नाही, कारण नवा रंग लावायचाच नसतो, आहे तो वाचवायचा असतो.

हल्लीच्या गाडीवर पत्र्यापासून वर येताना ई-कोट (गंज रोखायला विजेच्या मदतीने चढवलेला थर), प्रायमर, मग ज्याला आपण गाडीचा रंग म्हणतो तो बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, काही गाड्यांवर त्याहून कमी, आणि त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. डिटेलिंगचं जवळजवळ सगळं काम ह्या एवढ्याशा थरात चालतं. ऊन रोखणारी रसायनंही ह्याच थरात असतात म्हणून तो जपून वापरायचा.

हा प्रकार सुरू कधी झाला ह्यावर एकमत नाही. पॉलिश बनवणाऱ्या कंपन्यांची साल धरली तर विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला जावं लागतं, अमेरिकेतली मग्वायर्स १९०१ पासूनची, पण ती सुरू झाली फर्निचरच्या पॉलिशवर, तेव्हा रस्त्यावर गाड्याच किती होत्या, त्यामुळे हे साल पुरावा म्हणून फारसं कामाचं नाही. काहीजण त्याही मागे घोडागाड्यांच्या व्हार्निशपर्यंत नेतात. ते व्हार्निश ब्रशने थरावर थर चढवत, मधले थर घासून सपाट करत आणि सगळं वाळायला आठवडेच्या आठवडे जात. पण हे घासणं रंगकामाचा भाग होता, रंग जुना झाल्यावरची निगा नव्हे, म्हणून हे मतही जरा ओढून ताणून वाटतं. जास्त पटणारं मत असं की सुरुवात नायट्रोसेल्युलोज लॅकरपासून धरावी. ड्यूपाँटचं ड्यूको लॅकर जनरल मोटर्सने १९२४ च्या मॉडेलच्या ओकलंड गाडीवर निळ्या रंगात आणलं, वाळण्याचा वेळ आठवड्यांवरून तासांवर आला, पण फवारून झाल्यावर घासल्याशिवाय त्याला चमक येत नसे आणि उन्हात ते लवकर पांढुरकं पडे. म्हणजे दर काही महिन्यांनी पॉलिश आलंच. आपल्याकडे गॅरेजमध्ये अजूनही ‘ड्यूको मारला’ म्हणतात ते ह्याच ड्यूकोवरून.

आजचं डिटेलिंग मात्र क्लिअर कोटनंतरचं मानावं. हा थर साधारण १९७०-८० च्या दशकांत हळूहळू सरसकट झाला, रंग पांढुरका पडायचं प्रमाण घटलं पण काळ्या-निळ्या गाडीवर उन्हात गोल गोल बारीक चरे (स्वर्ल मार्क) दिसायला लागले, आणि जुने जाडेभरडे रबिंग कंपाउंड (रंग घासायची दाणेदार पेस्ट) लावले तर हा थर धुरकट व्हायला लागला. मग बारीक दाण्याचे कंपाउंड, फोमचे पॅड, ड्युअल अ‍ॅक्शन मशीन (पॅड गोल फिरवता फिरवता हलवणारं) हे सगळं त्यामागून आलं. रंगावर रुतलेले कण ओढून काढणारी क्ले जपानमधून आली आणि १९९० च्या दशकात सगळीकडे पसरली.

भारतातलं थोडक्यात सांगायचं तर आधी रबिंग-पॉलिश, मग शोरूमवाल्यांचं ‘टेफ्लॉन कोटिंग’, मग सिरॅमिक आणि पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म). प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांवर क्लिअर कोट नसे, त्यामुळे रबिंग करताना फडक्यावर गाडीचाच रंग उतरायचा. टेफ्लॉनचं म्हणाल तर ते वितळतंच ३२७ अंश सेल्सिअसला, नॉनस्टिक तव्यावर ते भट्टीत भाजून बसवतात, गाडीवर हाताने चोळून तसं बसणार कसं हा प्रश्न विचारायला हवा होता, फार कोणी विचारला नाही.

चरे काढणं म्हणजे चरे भरणं नाही. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या बारीक दाण्यांनी आजूबाजूचा क्लिअर कोट चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणायचा, मग प्रकाश सरळ परततो आणि चरा दिसेनासा होतो. दरवेळी एक-दोन मायक्रॉन जातात, जोरात कटिंग केलं तर जास्त, आणि गेलेला थर परत येत नाही. म्हणून आधी जाडी मोजायचं मीटर लावतात (लोखंडी पत्र्यावर चुंबकीय पद्धत, अ‍ॅल्युमिनियमवर एडी करंट), तेही एकूण जाडी सांगतं, एकट्या क्लिअर कोटची नाही. बोनेटच्या कडा आणि दाराच्या घड्या इथे रंग पातळ असतो, रोटरी मशीन (नुसतं गोल फिरणारं) तिथे थोडा वेळ जरी थांबलं तरी जळून प्रायमर दिसतो. नख अडकतं तो चरा बहुतेक वेळा पॉलिशने पूर्ण जात नाही, जाईल असं सांगणाऱ्याकडे गाडी न दिलेली बरी. स्वस्तातल्या पॉलिशमधली तेलं आणि फिलर चरे झाकतात, दोन-चार धुण्यांत ते परत दिसतात.

संरक्षणात सगळ्यात जुनं कार्नोबा मेण, ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं, ८२ ते ८६ अंशांना वितळणारं. चमक सुंदर, पण आपल्या पावसात काही आठवडेच टिकतं. सिरॅमिक कोटिंग म्हणजे सिलिका किंवा सिलाझेनवर आधारलेला द्रव, हवेतल्या ओलाव्याने घट्ट होऊन एक-दोन मायक्रॉनचा किंवा त्याहूनही पातळ थर बनतो. ह्यावर सगळ्यात जास्त वाद ‘९एच’ ह्या आकड्याचा. बरेच विक्रेते तो हिऱ्याच्या १० वाल्या मोह्स मापावरचा (खनिजांचा कठीणपणा मोजायचं माप) असल्यासारखा सांगतात. प्रत्यक्षात ही पेन्सिलची कसोटी आहे, पेन्सिलीचं शिसं सपाट करून ४५ अंशांत धरतात, ७५० ग्रॅम भार देतात आणि पृष्ठभागावर ढकलतात, कुठल्या पेन्सिलीने चरा पडत नाही ते बघतात. ९एच ही त्या माळेतली सगळ्यात कडक पेन्सिल, म्हणजे कोटिंग पेन्सिलीला पुरून उरलं एवढंच सिद्ध होतं. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्‌झ असतं, मोह्सवर ७, त्यामुळे कोटिंगवाल्या गाडीवरही सोसायटीतल्या पोऱ्याने कोरडा फडका मारला की चरे पडतातच. कोटिंगचा खरा फायदा पाणी आणि घाण न धरणं आणि धुणं सोपं होणं, ओरखड्यांपासून कवच वगैरे नाही.

पाण्याचंही तसंच. कोटिंगवर पाण्याचे मोत्यासारखे थेंब बसतात ते दिसायला छान, पण बोअरवेलच्या जड पाण्याने धुतलेली गाडी उन्हात वाळली की प्रत्येक थेंबाच्या जागी कॅल्शियम-मॅग्नेशियमचा गोल डाग उरतो. ताजा असेपर्यंत सौम्य आम्लाने जातो, रंगात उतरला की पॉलिशच. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक उन्हात राहू देऊ नये. ब्रेकचे आणि रेल्वेलाइनजवळचे लोखंडी कण थायोग्लायकोलेटच्या स्प्रेने जांभळे होऊन सुटतात.

दगड उडून पडणाऱ्या खपल्यांना मात्र पीपीएफच लागते, साधारण १५० ते २०० मायक्रॉनची थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची फिल्म. तिचा उगम व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकन हेलिकॉप्टरांच्या पात्यांवरच्या फिल्मशी जोडतात आणि हे बहुतेक खरं असावं, गाड्यांवर ती बरीच नंतर आली. चांगल्या फिल्मवरचे हलके चरे गरम पाण्याने किंवा उन्हाने स्वतःहून मिटतात, कापलेली जागा मिटत नाही. किंमत सिरॅमिकच्या कितीतरी पट, त्यामुळे बरेच लोक फक्त बंपर, बोनेट आणि आरशांना लावून घेतात. स्वस्तातली पीव्हीसी फिल्म काही वर्षांत पिवळी पडते आणि काढताना डिंक मागे सोडते, पुन्हा रंगवलेल्या पॅनेलवरून तर कधीकधी रंगासकट निघते.