खडी फोडणाऱ्यांना केवढा कॅनव्हास?

चित्रप्रदर्शनात घागरीवरची चकाकी पाहून आपण म्हणतो, 'काय वास्तववादी काढलंय!' आपल्याला म्हणायचं असतं हुबेहूब. त्या अर्थाने रविवर्म्याची लक्ष्मीसुद्धा वास्तववादी ठरते. साडीची चुणी न चुणी खरी वाटते. पण एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये ज्या वास्तववादावरून वादंग माजला, त्यात हुबेहूबपणाचा मुद्दा दुय्यम होता. हुबेहूब काढण्यात तिथल्या सरकारी कला-अकादमीत घडलेले चित्रकार आधीपासूनच तरबेज होते. भांडण होतं ते मापाचं.

अकादमीची एक ठरलेली उतरंड होती. सर्वांत वर इतिहास-पुराणातले प्रसंग, मग व्यक्तिचित्रं, रोजच्या जगण्यातली दृश्यं, निसर्गचित्रं आणि तळाशी फळं-भांडी. भिंतभर कॅनव्हास देवांना, राजांना, रणांगणांना. शेतकरी आलाच तर हातभर चौकटीत.

गुस्ताव्ह कूर्बे या फ्रेंच चित्रकाराने हे बिघडवलं. पूर्व फ्रान्समधल्या ऑर्नां या आपल्या गावातला एक अंत्यविधी त्याने १८४९-५०मध्ये रंगवला, तो ३.१५ बाय ६.६८ मीटरच्या कॅनव्हासवर. म्हणजे जवळपास दहा फूट बाय बावीस फूट! चाळीसहून अधिक माणसं, सगळी खऱ्या उंचीची, आणि मॉडेल म्हणून उभे राहिलेले गावकरीच. पुढे उघडा खड्डा, मागे चुनखडीचे कडे, मध्येच एक कुत्रा. कुणाला पुरताहेत ते चित्रातून कळत नाही. आत्म्याला न्यायला देवदूतही आलेले नाहीत. ('मी देवदूत पाहिलेला नाही, दाखवा म्हणजे काढतो,' असं कूर्बे म्हणाल्याचं सांगतात.) वर चित्राच्या नावातच त्याने 'इतिहास' हा शब्द घातला. पॅरिसचे टीकाकार खवळले, ही कुरूप माणसं एवढी मोठी कशाला म्हणून. त्यांचा संताप निव्वळ कलेपुरता नसावा. १८४८च्या क्रांतीने सर्व प्रौढ पुरुषांना मताधिकार दिला होता आणि मतदारांची संख्या सुमारे अडीच लाखांवरून नव्वद लाखांवर गेली होती. नुकताच मतदार झालेला गावकरी आता भिंतभर उभा होता.

हे सगळं कॅमेऱ्यामुळे घडलं असंही सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. लुई दागेर या फ्रेंच संशोधकाचं फोटो काढण्याचं तंत्र १८३९मध्ये जाहीर झालं. त्यात चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्याला आयोडिनची वाफ देत. तयार झालेल्या सिल्व्हर आयोडाइडवर प्रकाश पडून प्रतिमा उमटे, पण सुरुवातीला त्याला काही मिनिटं लागत. दागेरने टिपलेला पॅरिसचा एक वर्दळीचा रस्ता म्हणूनच ओस दिसतो. चालती माणसं, घोडागाड्या पत्र्यावर टिकल्याच नाहीत. ठळक उमटला तो बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला एक गृहस्थ! पुढे हा वेळ बराच घटला, तरी रंग नव्हते, आणि वर-खाली होणारा हातोडा टिपणं अवघडच होतं.

कूर्बेच्या दुसऱ्या गाजलेल्या चित्रात नेमका हातोडाच आहे. 'खडी फोडणारे' या १८४९च्या चित्रात रस्त्याकडेला एक म्हातारा आणि एक पोरगा राबताहेत. दोघांचे कपडे फाटके, चेहरे जवळजवळ दिसतच नाहीत. पण हे दृश्य जागच्या जागी रंगवलेलं नाही. रस्त्यात ही जोडी दिसल्यावर कूर्बेने त्यांना दुसऱ्या दिवशी स्टुडिओत बोलावून घेतलं होतं.

म्हणजे वास्तववादीही दृश्य रचतोच. 'जखमी माणूस' हे कूर्बेने काढलेलं स्वतःचंच व्यक्तिचित्र आहे: झाडाखाली पहुडलेला, छातीवर रक्ताचा डाग, शेजारी तलवार. तज्ज्ञांनी त्याचे क्ष-किरण फोटो काढले. जुन्या चित्रांतला सफेदा शिशापासून केलेला असतो आणि शिसं क्ष-किरण अडवतं, त्यामुळे वरच्या रंगाखाली दडलेली आकृतीही फोटोत उमटते. इथे सापडली त्याच्या खांद्यावर डोकं टेकलेली एक बाई. काही वर्षांनी कूर्बेने तिला रंगाखाली बुजवलं आणि रक्त, तलवार आणली.

'खडी फोडणारे'वर मात्र असा प्रयोग आता करता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४५मध्ये, ते ड्रेस्डेनजवळ नष्ट झालं. आज आपल्याला दिसतात ते त्याचे फोटो.