पार्श्वभूमी : अचाट मालिकेची भागवार थट्टा आणि कोल्हापूर

टीव्हीवरच्या अचाट मालिकेचा कालचा भाग दुसऱ्या दिवशी क्रमवार, एकही घटना न गाळता, चेष्टेच्या सुरात सांगायचा, ही कला कोल्हापूरकराला कुणी शिकवावी लागत नाही. कॉलेजच्या कँटीनमध्ये, तालमीच्या कट्ट्यावर, रंकाळ्यावर भेळ खाताना ती ऐकू येते. पूर्वी सांगायला सासू-सुनांच्या मालिका असायच्या. अलीकडच्या वर्षांत इंग्रजी टीनएज मालिकाही त्यात आल्या आणि त्यांत ‘रिव्हरडेल’ला तोड नाही. या थट्टेमागे दोन इतिहास आहेत. एक अमेरिकेतला, पाव शतकाहून थोडा जास्त. दुसरा आपल्या तमाशाच्या फडावरचा, त्याहून कितीतरी जुना. दोन्ही माहीत असले तर या प्रकाराकडे टवाळी म्हणून बघणं बंद होतं, म्हणून ही टिपणी.

आधी मालिकेबद्दल. आर्ची हा कॉमिक्समधला पोरगा १९४१ सालचा. लाल केस, दोन मैत्रिणी, बर्गर खाणारा दोस्त, आणि पान उलटलं की विसरून जावी अशी निरुपद्रवी भानगड. रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर आणि जुन्या पुस्तकांच्या ढिगात आपल्याकडच्या कित्येकांनी ही कॉमिक्स चाळली आहेत. त्याच पात्रांना घेऊन रोबेर्तो अगिरे-साकासा यांनी ‘रिव्हरडेल’ उभी केली आणि सीडब्ल्यू या अमेरिकन वाहिनीवर २६ जानेवारी २०१७ रोजी पहिला भाग दाखवला गेला. सुरुवात एका शाळकरी मुलाच्या खुनाने. मेपल सिरप विकणाऱ्या श्रीमंत घराण्याचा अमली पदार्थांचा धंदा, एवढीच तेव्हाची कमाल मर्यादा वाटत होती. दुसऱ्या सीझनमध्ये बुरखाधारी खुनी आला. तिसऱ्यात मुलं एका खेळाच्या नादाने जिवावर उदार झाली, शिंगं लावलेला गार्गॉयल किंग रानात फिरू लागला आणि आर्चीवर अस्वलाने हल्ला केला. चौथ्यात ‘द फार्म’ नावाच्या पंथाचा म्होरक्या चक्क रॉकेटमध्ये बसून पळून जायच्या तयारीत होता. पाचव्यात कथा सात वर्षं पुढे उडाली, सहाव्यात पात्रांना अचाट शक्ती मिळाल्या, सातव्यात सगळे १९५५ साली पोचले, तेही पुन्हा शाळकरी होऊन. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ती संपली तेव्हा १३७ भाग झाले होते.

हे असं का होतं? लेखकांचं डोकं फिरलं, हे उत्तर सोपं आहे पण अपुरं. पहिला सीझन १३ भागांचा होता, दुसरा २२ भागांचा. खुनाचा छडा १३ भागांत लागतो. २२ भाग चालवायचे तर दुसरं संकट लागतं, पुढच्या वर्षी त्याहून मोठं. शिवाय पात्रं शाळकरी. त्यांना नोकरी नाही, कर्ज नाही, घटस्फोट नाही, म्हणजे मोठ्यांच्या मालिका ज्यावर वर्षानुवर्षं चालतात ते सगळं बंद. उरतो खून, पंथ, जुळा भाऊ, भूत. मराठी दैनंदिन मालिकेचंही गणित हेच आहे, फक्त गती कितीतरी पट. आठवड्याला सहा भाग, वर्षाला तीनशेच्या आसपास, गुरुवारी टीआरपी, आणि आकडा घसरला की ट्रॅक बदलायचा किंवा लीप घ्यायचा. एवढ्या भागांची भूक साध्या संसारावर भागत नाही.

अमेरिकेतल्या थट्टेची मुळंही टीनएज मालिकेतच आहेत. टीव्हीवर विनोदी अंगाने लिहिणं त्याआधीही होतं. ब्रिटनमध्ये क्लाइव्ह जेम्स यांनी १९७२ ते १९८२ ‘द ऑब्झर्व्हर’मध्ये टीव्हीवर जे सदर चालवलं, ते लोक टीव्ही न बघताही वाचत. पण भाग घ्यायचा आणि प्रसंगामागून प्रसंग सांगत जायचा, हा प्रकार ठळकपणे उभा राहिला तो ‘डॉसन्स क्रीक’मुळे. ही मालिका जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली. पंधरा वर्षांची मुलं त्यात प्राध्यापकांसारखी लांबलचक वाक्यं बोलायची. टारा अरियानो, सारा बंटिंग आणि डेव्हिड कोल यांनी त्याच वर्षी ‘डॉसन्स रॅप’ या नावाच्या वेबसाइटवर तिच्या भागांचा समाचार घ्यायला सुरुवात केली. पुढे इतर मालिका त्यात आल्या, नाव बदललं आणि २००२ पासून ते ‘टेलिव्हिजन विदाउट पिटी’ झालं. एकेका भागावर दहा-दहा, पंधरा-पंधरा पानं मजकूर असे आणि शेवटी शाळेसारखी श्रेणी. मालिकांचे लेखकही ते वाचत. ‘द वेस्ट विंग’चे आरन सॉर्किन तिथे येऊन प्रेक्षकांशी बोलले, खटके उडाले, आणि २००२ साली त्यांनी मालिकेच्या एका भागातच या मंडळींवर प्रसंग लिहिला. २००७ मध्ये एनबीसी युनिव्हर्सलच्या ब्राव्हो वाहिनीने तो उपक्रम विकत घेतला, २०१४ मध्ये बंद केला.

या लिखाणाचं तंत्र मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यात विशेषणांनी हसवायचं नसतं. पंचनाम्यासारखं, जे घडलं ते घडलं त्या क्रमाने मांडायचं. म्होरक्या रॉकेटमध्ये बसला, हे वाक्य जसंच्या तसं पुरेसं आहे; त्याला ‘मूर्खासारखा’ जोडलं की हसू मरतं. क्रम पाळायचा तर भाग नीट बघावा लागतो, कुणाच्या हातात काय होतं, मागच्या आठवड्यात कोण काय बोललं होतं, हे ध्यानात ठेवावं लागतं. म्हणून मी ठामपणे म्हणेन की अशी थट्टा करणारा माणूस हा त्या मालिकेचा सगळ्यांत लक्ष देणारा प्रेक्षक असतो. ज्याला मालिका खरोखर टाकाऊ वाटते तो दुसऱ्या भागालाच चॅनल बदलतो.

आपल्याकडे मालिकेवरचं भाष्य सुरुवातीपासून मालिकेच्या पोटातच होतं. दूरदर्शनवर ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ सुरू झाली आणि प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन त्या दिवशी काय झालं, कोण कुठे चुकलं, यावर बोलायचे. सूर उपदेशाचा होता, थट्टेचा नव्हे. पण भाग संपल्यावर त्यावर बोलायचं असतं, ही सवय लाखो घरांना तिथून लागली.

टीनएज मालिका मात्र आपल्याकडे थोड्या. हिंदीत १९९८ ची ‘हिप हिप हुर्रे’, २००४ ची ‘रीमिक्स’, जी मुळात अर्जेंटिनाच्या ‘रेबेल्दे वे’वर बेतलेली. मराठीत अल्फा मराठी १९९९ साली आली तेव्हापासून संध्याकाळचा टीव्ही अख्ख्या घराचा, त्यामुळे कथाही घराचीच. २०१५ ची ‘दिल दोस्ती दुनियादारी’ तरुणांची होती, पण शाळकरी मुलांची नव्हे. झी युवा वाहिनी २०१६ मध्ये आली, ‘फ्रेशर्स’सारखे प्रयत्न झाले. पंधरा-सोळा वर्षांच्या मराठी पोराला स्वतःच्या वयाचा नाट्यमय गोंधळ बघायचा तर तो परक्या भाषेतच बघावा लागला.

कोल्हापूरला मध्ये एक वेगळीच संधी मिळाली. ‘तुझ्यात जीव रंगला’ ही झी मराठीवरची मालिका ऑक्टोबर २०१६ मध्ये सुरू झाली आणि तिचं चित्रीकरण करवीर तालुक्यातल्या वसगडे गावात चालायचं. राणादा, पाठकबाई, नंदिता वहिनी, ‘चालतंय की’. वाडा बघायला लांबून गाड्या यायच्या. पैलवान आणि शिक्षिका यांची साधी गोष्ट म्हणून सुरू झालेली ही कथा पुढे कारस्थानांत शिरली, आणि २०१९ मध्ये राणादा नाहीसा होऊन त्याच चेहऱ्याचा ‘राजा राजगोंडा’ प्रकट झाला. इथल्या प्रेक्षकाला तर तपासायला दुप्पट सामान होतं. कथा तपासायचीच, शिवाय बोली, फेटा, लाल माती, पैलवानाचा खुराक हेही तपासायचं. असा एक शब्द आमच्यात कुणी बोलत नाही, यावर तासभर चर्चा रंगायची. बाहेरगावच्या माणसाला तो चेष्टेचा कार्यक्रम वाटे. आतून ती आपल्या गावाबद्दलची काळजी होती.

आता तो जुना इतिहास. गण, गौळण, बतावणी आणि मग वग, हा तमाशाचा क्रम. वगात राजा असतो, प्रधान असतो, कपटकारस्थान असतं, वेषांतर असतं. अचाटपणात तो कुठल्याही मालिकेला हार जात नाही. आणि त्या अचाट गोष्टीच्या ऐन मध्ये सोंगाड्या उभा असतो. राजाने हुकूम सोडला की त्या हुकमातली खोट तो तिथल्या तिथे दाखवतो, जुन्या कथेत आजच्या गावातला विषय घुसवतो, प्रेक्षकाच्या मनातली शंका मोठ्याने बोलून टाकतो. एवढं होऊनही वग मोडत नाही. राणीवर संकट आलं की तोच प्रेक्षक गप्प होतो. शहरी रंगमंचावर १९६५ साली वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’त दादा कोंडक्यांनी हेच करून दाखवलं, प्रयोगागणिक ताजे टोले घालत. गोष्टीत रमणं आणि गोष्टीची खोट काढणं एकाच वेळी जमतं, हे मराठी प्रेक्षकाला अमेरिकेतल्या त्या तिघांच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. त्यांनी सोंगाड्याला मंचावरून उतरवून प्रेक्षकांत बसवला, एवढाच फरक.

दोन्ही इतिहास कोल्हापुरात एकत्र आले ते फोनवर. नेटफ्लिक्स भारतात जानेवारी २०१६ मध्ये आलं, जिओ त्याच सप्टेंबरमध्ये, आणि ‘रिव्हरडेल’ त्यानंतर पाचेक महिन्यांत. डेटा स्वस्त झाला, मोबाइल प्रत्येकाच्या हातात वेगळा, घरच्या टीव्हीच्या रिमोटशी संबंध उरला नाही. मुलगा इंग्रजीत बघू लागला आणि कोल्हापुरीत सांगू लागला. अस्वलाचा प्रसंग ‘भावा, ऐक तर’ने सुरू झाला की त्याची चव मूळ मालिकेत नसते.

यातली एक गोष्ट माझ्या फार आवडीची आहे. तिसऱ्या सीझनमध्ये आर्ची बालसुधारगृहात असतो. तिथला एक मुलगा सांगतो की आजीला पोसायला चौथीतच शाळा सोडून अमली पदार्थ पोचवायला लागलो. त्यावर आर्ची म्हणतो, म्हणजे तुला शाळेतल्या फुटबॉलचे ते थोर चढउतार कळलेच नाहीत. या वाक्यावर जग हसलं, आजही हसतं. तिकडचा फुटबॉल वेगळा, चेंडू हातात घेऊन पळायचा. पण ज्या शहरात पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा तालीम, प्रॅक्टिस क्लब यांच्या सामन्याला शाहू स्टेडियम भरतं, हरलेल्या पेठेत त्या रात्री कुणी जेवताना बोलत नाही, त्या शहरात हे वाक्य ऐकून पोरं हसता हसता थांबतात. दुसऱ्याचं दुःख ऐकून न घेता आपलं पुढे रेटणं हास्यास्पद आहेच. फुटबॉलबद्दल मात्र आर्ची खोटं बोलत नाही. ही सूक्ष्म हरकत न्यूयॉर्कमध्ये बसून कुणाला सुचणार नाही, आणि म्हणून इथल्या सांगण्याला किंमत आहे.

अलीकडे हा प्रकार रील्समध्ये आखडला आहे. अर्ध्या मिनिटात अस्वल मावतं, पण अस्वलापर्यंत नेणारी वाट मावत नाही, आणि खरी गंमत त्या वाटेत असते. सगळे भाग एका रात्रीत उतरवणाऱ्या मालिकांनी आठवडाभराची वाट बघणंही काढून घेतलं. पुढे काय होणार याचे अंदाज बांधायला वेळच उरत नाही. भागवार लिहिणारे मराठीत आहेत. १९९६ पासून चालू असलेल्या मायबोली या मराठी संकेतस्थळावर मराठी मालिकांची अशी हजेरी वर्षानुवर्षं घेतली गेली आहे, आणि त्यातलं कित्येक लिखाण मूळ मालिकेपेक्षा सरस आहे. कोल्हापुरी बोलीतलं सांगणं मात्र बहुतेक तोंडीच राहतं, फार तर ग्रुपवरच्या व्हॉइस नोटमध्ये, आणि फोन बदलला की जातं. वगांच्या संहिता छापल्या गेल्या, सोंगाड्यांनी त्या त्या रात्री घातलेले टोले कुणी टिपून ठेवले नाहीत. ज्यांच्या फोनमध्ये अशा नोटा असतील त्यांनी मालिकेचं नाव, भाग क्रमांक आणि तारीख घालून त्या वेगळ्या ठेवाव्यात, आणि जमलं तर बोली न सुधारता जशाच्या तशा उतरवून काढाव्यात.