पूरण भगताचा बाप पैठणचा नव्हे

पंजाबातल्या सियालकोटचा राजा सलवान म्हणजेच पैठणचा शालिवाहन, हे अजूनही ठोकून सांगितलं जातं. त्याला पुरावा नाही. नावं सारखी, एवढंच. शिवाय शकाला शालिवाहनाचं नाव चिकटलं तेच कित्येक शतकांनंतर.

पूरण हा पंजाबी लोककथेतला राजपुत्र, या सलवानचा मुलगा. सावत्र आई लूणाने आळ घेतला, बापाने हातपाय तोडून विहिरीत टाकलं. गोरखनाथांनी वाचवलं. जोगी होऊन परतल्यावर त्याने त्याच लूणाला तांदळाचा दाणा दिला, मुलगा व्हावा म्हणून! सियालकोटजवळच्या त्या विहिरीवर अपत्यासाठी बायका स्नानाला येत.

पूरणला आपल्याकडे जोडणारा खरा धागा नाथपंथाचा. नवनाथांच्या पोथीतला चौरंगीनाथही असाच हातपाय तोडलेला राजपुत्र. तिथे गाव मात्र कौंडिण्यपूर.