ॲझो रंग आणि बर्फ : पार्श्वभूमी

ॲझो रंगांची, म्हणजे रेणूचे दोन भाग नायट्रोजनच्या दोन अणूंमधील दुहेरी बंधाने (ॲझो बंधाने) जोडलेल्या कृत्रिम रंगांची, सारी कृती एका अल्पायुषी पदार्थावर उभी आहे. ॲनिलिनसारखे ॲरोमॅटिक अमाइन हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून, द्रावण 0 ते 5 अंश सेल्सिअसवर ठेवून त्यात सोडियम नायट्राइट हळूहळू सोडले की डायझोनियम क्षार तयार होतो. तापमान वाढले की तो नायट्रोजन वायू सोडून विघटित होतो आणि फिनॉल उरते. कोरडा केला तर त्याचा स्फोटही होऊ शकतो. त्यामुळे तो सहसा साठवत नाहीत. जिथे बनतो तिथेच, लगेच कपलिंगसाठी, म्हणजे दुसऱ्या रेणूशी जोडून रंग बनवण्यासाठी, वापरतात. ठाण्या-वाशीच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना बीटा नॅफ्थॉलच्या अल्कधर्मी द्रावणात क्षणात उतरणारा केशरी-लाल साका लक्षात राहतो, पण माझ्या मते प्रयोगाचा गाभा त्याआधीच्या बर्फात असतो.

डायझोनियम क्षार बनवण्याची ही अभिक्रिया, म्हणजे डायझोटीकरण, रसायनशास्त्रज्ञ पीटर ग्रीस यांनी 1858 मध्ये मारबुर्ग येथे, कोल्बे यांच्या प्रयोगशाळेत पिक्रॅमिक आम्लावर नायट्रस आम्लाची क्रिया घडवताना शोधली. 1862 पासून अखेरपर्यंत ते इंग्लंडमधील बर्टन येथील बिअरच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते, आणि ती नोकरी सांभाळत त्यांनी डायझो संयुगांचा अभ्यास इतक्या निष्ठेने चालू ठेवला की पुढचा सारा उद्योग त्यांचा ऋणी आहे. बिस्मार्क ब्राउन आणि क्रायसॉइडीन हे रंग त्यानंतरच्या दोन दशकांत बाजारात आले.

कापसाच्या दृष्टीने निर्णायक वर्ष मात्र 1884 होते. त्या वर्षी बॉटिगर यांनी बेंझिडीनच्या दोन्ही अमाइन गटांचे डायझोटीकरण करून, ते नॅफ्थिओनिक आम्लाशी जोडून काँगो रेड बनवला. तोवर सुती कापडाला असे रंग पक्के धरण्यासाठी आधी तुरटी किंवा टॅनिनसारखे रंगबंधक द्यावे लागे. काँगो रेड थेट सुतावर चढला.

स्वातंत्र्यानंतर भारताला रंगांबरोबरच त्यांचा कच्चा मालही देशात बनवायचा होता. बेंझिनपासून नायट्रोबेंझिन आणि त्यापासून ॲनिलिन, ही साखळी उभारण्यासाठी 1960 मध्ये हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि तिचा कारखाना पनवेलजवळ रसायनी येथे उभा राहिला. 1962 मध्ये स्थापन झालेल्या एमआयडीसीने वागळे इस्टेट आणि पुढे ठाणे-बेलापूर पट्टा विकसित केला, तर नोसिल या कंपनीच्या प्रकल्पामुळे या पट्ट्यात पेट्रोरसायने आली. कोकणच्या उकाड्यात पात्रातील तापमान राखायचे, तर बर्फ किंवा शीतकरण हा अशा उत्पादनाचा अटळ खर्च ठरतो.

पुढे बेंझिडीनमुळे कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो हे सिद्ध झाले. ॲझो बंध जिवाणूंच्या क्रियेने तुटून मूळ अमाइन पुन्हा मोकळे होऊ शकते, म्हणून धोका तयार रंगातही राहतो. भारत सरकारने 1990 च्या दशकात एकूण 112 रंगांवर बंदी घातली. त्यांपैकी 42 बेंझिडीनवर आधारित होते.