हिरवा बटाटा उकडला की चालतो?

नाशिकच्या बाजारात उन्हात पडून हिरवट झालेला बटाटा घेताना हमखास ऐकू येतं, ‘कुकरला तीन शिट्ट्या द्या, कडूपणा जातो.’ जात नाही. हिरवा रंग निरुपद्रवी हरितद्रव्याचा. पण त्याच उजेडाने सालीत सोलानिन हे कडू विषही वाढतं आणि ते कुकरच्या १२० अंशांनाही दाद देत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात ३,८०० मीटर उंचीवर तर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं. तिथले लोक कडू बटाटे रात्रीच्या थंडीत गोठवतात, पायांनी तुडवतात, काही आठवडे वाहत्या पाण्यात ठेवतात, मग वाळवतात. विष धुऊन जातं, शिजून नव्हे. आपल्याकडे तेवढी थंडी कुठली! हिरवा भाग, कोंब, डोळे जाड कापून काढा. भाजी कडू लागली, घसा चुरचुरला तर ती सरळ फेकून द्या.