पापुद्रा सारखाच, कारण उलटं: त्वचेतली कात्री चालत नाही की थांबत नाही?

त्वचेला पापुद्रे सुटले की ‘मृत त्वचा साचलीये, घासून काढा’ हा सल्ला ठरलेला. तो ऐकून ऐकून मी खरंच कंटाळलेय. पापुद्रा वरून सारखाच दिसतो, पण त्यामागची गडबड दोन अगदी उलट प्रकारची असू शकते. एकीत त्वचेतली कात्री चालत नाही, दुसरीत ती थांबत नाही. पहिलीत घासून काही साधत नाही आणि दुसरीत घासणं धोक्याचं.

कात्री म्हणजे प्रथिनं कापणारी एन्झाइम्स, शाळेच्या पुस्तकातली विकरं. आपल्या अंगावर बहुतेक ठिकाणी सर्वांत वरचा थर म्हणजे मेलेल्या चपट्या पेशींचे साधारण १५ ते २० पदर. या पेशी एकमेकींना प्रथिनांच्या टाक्यांनी जोडलेल्या असतात आणि केएलके ५ व केएलके ७ ही दोन एन्झाइम्स ते टाके उसवतात. (दोघांतल्या फरकावर वाद घालत बसण्यात अर्थ नाही. ५ जास्त प्रकारचे टाके कापतं आणि ७ ला कामाला लावतं, एवढं पुरे.) निरोगी त्वचाही रोज झडतेच. फक्त तिथे पेशी सुट्या सुट्या निघून जातात, म्हणून दिसत नाहीत. पेशींचा गठ्ठाच्या गठ्ठा एकदम निघाला, की आपण त्याला पापुद्रा म्हणतो.

कोरडी त्वचा सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा थोडक्यात. या एन्झाइम्सना काम करायला पाणी लागतं. वरच्या थरातलं पाणी आटलं की टाके अर्धवट कापले जातात, पेशी एकमेकींना धरून राहतात आणि खवल्यासारख्या निघतात. ग्लिसरीनचा उपयोग होतो तो यामुळेच: ते पाणी धरून ठेवतं आणि कात्री पुन्हा चालू लागते. खवल्यांच्या एका आनुवंशिक आजारात, जो बहुतेक मुलग्यांनाच होतो, कोलेस्टेरॉल सल्फेट साचून याच एन्झाइम्सना अडवतं. कारण वेगळं असलं, तरी टाका तसाच राहतो.

आता दुसरी बाजू, जिथे सगळं घोडं अडतं. नेदरटन सिंड्रोम नावाचा एक दुर्मीळ जन्मजात आजार आहे. बाळ बहुधा लालबुंद, सालपटं निघत असलेलं जन्मतं. ‘यात केएलके ५ चं जनुक बिघडलेलं असतं’ असं लिहिलेलं मी वारंवार वाचते. ते चूक आहे. कात्रीचं जनुक ठणठणीत असतं. बिघडलेलं असतं स्पिंक ५ नावाचं जनुक, हे २००० साली कळलं. या जनुकापासून लेक्टी नावाचं प्रथिन बनतं आणि ते या कात्रीच्या पात्यांना घट्ट धरून बसतं. म्हणजे बिघाड कात्रीत नाही, लगामात आहे.

हा लगाम कुठे सुटतो, ते नीट समजून घ्यायला हवं. त्वचेचा पृष्ठभाग आम्लधर्मी असतो, पीएच साधारण ५ च्या आसपास, आणि खाली उतरत गेलं की तो ७ कडे जातो. लेक्टी खालच्या उदासीन भागात एन्झाइमला घट्ट पकडतं आणि वर आम्लात पकड सैल करतं. इथपर्यंत वाचून लोक म्हणतात, ‘म्हणजे आम्लात कात्री जोरात चालते.’ नाही! ही एन्झाइम्स स्वतः पीएच ८ च्या आसपास सर्वांत जोमानं कापतात. वर पृष्ठभागाशी ती मोकळी असतात खरी, पण तिथे त्यांचा वेग मंद असतो, म्हणून झडणं हळूहळू होतं. जिथे ती जोरात कापू शकतात तिथे ती बांधलेली, आणि जिथे मोकळी तिथे मंदावलेली. त्वचेची ही व्यवस्था मला अतिशय सुंदर वाटते.

नेदरटनमध्ये नेमकी हीच व्यवस्था मोडते. लेक्टी नाही, त्यामुळे खाली, जिथे पीएच अनुकूल, तिथेच कात्री पूर्ण जोरात सुटते. टाके वेळेआधी उसवतात आणि वरचा थर खालून सुटून येतो. दिसायला पापुद्राच, पण त्याखाली जाड साचलेलं काही नाही. उलट अंगावरचं आवरणच विरळ झालेलं असतं. पाणी बाहेर झिरपतं आणि नवजात बाळाच्या रक्तातलं सोडियम वाढून धोकादायक पातळीला जाऊ शकतं. स्पिंक ५ नसलेले उंदीर जन्मल्यावर लगेच मरतात. त्यांच्यातलं केएलके ५ ही काढून टाकलं, तेव्हा ते या मृत्यूतून वाचले.

केएलके ५ टाके कापून थांबत नाही. ते पेशींवरच्या पार २ नावाच्या ग्राहीला, म्हणजे बाहेरचे इशारे टिपणाऱ्या प्रथिनाला, चेतवतं, पेशी टीएसएलपी हा संदेश सोडतात आणि ॲलर्जीसारखी दाहाची साखळी सुरू होते. म्हणून या मुलांना खाज असते, आयजीई हे ॲलर्जीतलं प्रतिपिंड वाढलेलं असतं, अन्नाची ॲलर्जी असते, आणि म्हणूनच ‘एक्झिमा’ असा शिक्का बसतो. त्याची किंमत मोठी असते. एक्झिमावर सर्रास दिलं जाणारं टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारं मलम या विरळ त्वचेतून रक्तात शिरतं. अवयव प्रत्यारोपणाच्या रुग्णांत असावी तितकी पातळी नेदरटनच्या मुलांच्या रक्तात आढळल्याच्या नोंदी आहेत.

फरक ओळखायला केस पाहावेत. सूक्ष्मदर्शकाखाली केसाचा एक भाग दुसऱ्यात खुपसलेला दिसतो, बांबूच्या पेरावरच्या गाठीसारखा. ही खूण लहानपणी नसूही शकते आणि डोक्याच्या दोनचार केसांत हुकते, तेव्हा एकदा पाहून ‘नाही’ म्हणू नये. भुवईचे केसही बघावेत, तिथे ही गाठ पुष्कळदा आधी सापडते. शंका उरलीच, तर स्पिंक ५ ची जनुकीय तपासणी करावी.