ताण्याबाण्यातून भिंतीपर्यंत: सोफी टॉयबर-आर्प

स्वित्झर्लंडच्या ५० फ्रँकच्या नोटेवर १९९५पासून दोन दशकं स्विस कलाकार सोफी टॉयबर-आर्प यांचा चेहरा होता. तरी कलेच्या इतिहासात त्यांची ओळख बरीच वर्षं ‘शिल्पकार हान्स आर्प यांची पत्नी’ एवढीच राहिली. २०२१मध्ये बाझेल, लंडन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांनी मिळून मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा कुठे उशांचे अभ्रे, मण्यांच्या पिशव्या, कळसूत्री बाहुल्या, फर्निचर आणि चित्रं शेजारी-शेजारी आली.

सुरुवात कापडापासून झाली. १८८९मध्ये दावोसला जन्म, सेंट गालन, म्युनिक आणि हॅम्बर्गला उपयोजित कलेचं शिक्षण, मग १९१६ ते १९२९ झुरिकच्या कलाशाळेत भरतकाम-विणकामाची शिकवणी. घर बराच काळ याच पगारावर चाललं. दसुतीवर फुल्या भरलेल्या कुणालाही ठाऊक असतं, की धागे मोजल्याशिवाय टाका पडत नाही आणि गोलसुद्धा पायऱ्यापायऱ्यांनीच वळतो. सोफी यांची उभ्या-आडव्या चौकटींची पहिली अमूर्त कामं याच शिस्तीत वाढली. अमूर्तता आधी चित्रात येते आणि मग कापडावर उतरते, असं आपण धरून चालतो. इथे ती धाग्यातून चित्रात गेली. माझ्या मते त्यांचं मोठेपण यातच आहे, आणि त्यांना उशिरा मान मिळण्याचं कारणही हेच. भरतकामाला ‘कला’ म्हणायला जाणकार तयार नव्हते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात कलेचे रूढ नियम धुडकावणाऱ्या झुरिकच्या दादावादी कलाकारांमध्ये त्या नाचल्या. आर्प यांच्यासोबत कागद यंत्रावर कापून चिकटचित्रं केली, म्हणजे हाताचा थरथरता माग उरू नये. १९१८मध्ये लाकडी बाहुल्या घडवल्या, त्यांचे सांधे मुद्दाम उघडे ठेवले.

मोठं काम आलं १९२६मध्ये. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या क्लेबेर चौकात ओबेत ही अठराव्या शतकातली लष्करी इमारत आहे. तिथे उपाहारगृहं, नाचघर आणि सिनेमा थाटायचं काम हॉर्न या उद्योजक बंधूंनी सोफी यांच्याकडे सोपवलं. त्यांनी आर्प आणि डच चित्रकार थिओ व्हान डूसबर्ग यांना सोबत घेतलं. चहाच्या दालनाच्या भिंतींवर सोफी यांनी तेच चौकोन रंगवले, जे त्या आधी अभ्र्यांवर भरत होत्या. १९२८मध्ये ओबेत उघडलं, पण गिऱ्हाइकांना हे रंग रुचले नाहीत. दहा वर्षांत सगळी सजावट झाकली किंवा काढली गेली. वरच्या मजल्यावरची दालनं पुढे पुन्हा उभी केली, तळमजल्यावरचं चहाचं दालन मात्र गेलं ते गेलंच.

त्या कामाच्या पैशांतून पॅरिसजवळ क्लामारला घर झालं. आराखडा सोफी यांचाच, आतल्या सामानाचाही. १९४०मध्ये जर्मन फौजा आल्या, तेव्हा ते सोडून दोघं दक्षिणेला ग्रासला गेले. १३ जानेवारी १९४३च्या रात्री झुरिकमध्ये, स्विस कलाकार माक्स बिल यांच्या घरी, शेगडीच्या विषारी वायूने झोपेतच सोफी यांचा मृत्यू झाला. वय ५३. क्लामारचं घर आता आर्प प्रतिष्ठान सांभाळतं, आणि त्यांनी आखलेल्या त्या खोल्या आत जाऊन पाहता येतात.